बुडी मारायची जागा

१

लोकांच्या सुट्ट्या जुळवून देणं हे मंजिरीचं काम. रायपूरच्या बूढापाऱ्यात, तालाबाकडे तोंड करून असलेल्या एका लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात ती कित्येक वर्षं बसत होती. मालक आठवड्यातून एखादी चक्कर टाकायचे, बाकी सारा कारभार तिच्याच अंगावर. सकाळी काचेचं दार पुसायचं, गणपतीपुढे उदबत्ती लावायची, एसी सुरू करायचा आणि मग दिवसभर कोणाला केदारनाथ, कोणाला केरळ, कोणाला दुबई. माणूस खुर्चीत टेकला की याला डोंगर मानवेल की समुद्र, हे मंजिरी त्याच्या बसण्यावरून सांगते, असं मालक कौतुकानं म्हणत.

एकच गिऱ्हाईक ती घेत नसे. अंदमानचं. तसा कोणी आला की ती त्याला मालकांचा नंबर द्यायची. मालकांनीही कधी काही विचारलं नाही. त्यांना कारण ठाऊक होतं.

दिवाळी नुकतीच उलटली होती. दुपारी मंजिरी डबा उघडणार तोच एक मुलगी दार ढकलून आत आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. गळ्यात नवं मंगळसूत्र, पायात खेळाडूचे बूट, आणि चेहऱ्यावर असा उत्साह की समोरच्यालाही हसू यावं.

"दीदी, अंदमान करायचंय. मी आणि माझे मिस्टर. आणि स्कूबा तो पक्का! समुद्राच्या तळाशी जाऊन बसायचंय मला."

मंजिरी मालकांचा नंबर शोधू लागली. तोवर मुलगी बोलतच होती. नाव सोनिया. माहेर बिलासपूरचं, वडील रेल्वेत. पोहण्यात शाळेपासून बक्षिसं. लग्नाला तीन महिने झाले. नवऱ्याला सरप्राईज द्यायचंय, म्हणून एकटीच आली.

"त्यांना पाण्याचं नाव काढलं की टेन्शन येतं. गोवा म्हटलं तरी नको म्हणतात. पण तिथं पोचल्यावर काय करतील? आपोआप उतरतील." ती हसली आणि तिनं मोबाईल पुढे केला. "हे त्यांचं आधार कार्ड. तिकिटाला लागेल ना?"

मंजिरीनं स्क्रीनकडे पाहिलं. गुळगुळीत दाढी, जरा वर उचललेली हनुवटी. अभिनव.

तीन वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण अनुश्री ज्याच्याबरोबर अंदमानला गेली होती, तो अनुश्रीचा नवरा. गेले होते दोघं. परत आला होता तो एकटा.

"त्यांचं हे दुसरं लग्न," सोनिया आवाज खाली आणत म्हणाली. "पहिली बीमारीनं गेली. त्यांना बोलायला त्रास होतो, म्हणून मी पण खोदून विचारत नाही."

"बीमारीनं," मंजिरी म्हणाली.

"हव. पीलिया, म्हणजे कावीळ झाली होती म्हणे."

मंजिरीनं मालकांचा नंबर असलेलं कार्ड पुन्हा खणात ठेवलं. डबा बंद केला.

"बस ना," ती म्हणाली. "पाणी घेशील?"

२

मंजिरी आणि तिचे वडील अनंतराव जवळच्याच ब्राह्मणपाऱ्यात राहत. आई पूर्वीच गेलेली. अनंतराव रेल्वेतून निवृत्त झाले होते. सकाळी देवळात, संध्याकाळी ओट्यावर, आणि मधल्या वेळात रेडिओ. अनूचं नाव घरात कोणी घेत नसे. ठरवून नव्हे. घशातून ते निघतच नसे.

अनूला लहानपणापासून पाण्याचं भेव. तालाबाच्या काठानं जातानाही ती रस्त्याच्या आतल्या अंगानं चालायची. अंदमानहून तिनं आदल्या संध्याकाळी फोन केला होता. "ताई, मले नाही जायचं त्या पाण्यात. पण हा आयकतच नाही. म्हणते, सगळे जाऊन राहिले, तुलेच काय झालं? नाटकं नको करू."

"मग नाही म्हण ना त्याले," मंजिरी म्हणाली होती.

"म्हटलं. तो हसते."

दुसऱ्या दिवशी ज्या जागी त्यांनी बुडी मारली, तिला तिथले लोक काळी भिंत म्हणतात. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की समुद्राचा तळ एकाएकी संपतो आणि खडकाची कड सरळ खाली उतरते, खाली, जिथवर उजेड पोचत नाही तिथवर. अनू त्या कडेखाली गेली. दुसऱ्या दिवशी सापडली. अपघात अशी नोंद झाली. बरोबरचा गाईड पुढे होता, म्हणून पाण्याखाली काय घडलं हे अभिनवशिवाय कोणालाच सांगता येत नव्हतं.

आणि त्यानं ते सांगितलं होतं. तेराव्याला, ह्याच घरात, अनंतरावांच्या समोरच्या खुर्चीत बसून. "तिचीच चूक झाली बाबा. खाली मस्ती करून राहिली होती. मी इशारे केले. ती आयकलीच नाही." असं म्हणून त्यानं चहाचा कप उचलला, फुंकर मारली आणि प्यायला.

पाण्याला भिणारी पोर पाण्यात मस्ती करत होती! आणि ती फुंकर मंजिरीच्या कानातून गेली नाही. गेली तीन वर्षं कोणीही चहावर फुंकर मारली की तिच्या मस्तकात कळ जायची.

सोनिया येऊन गेली त्या संध्याकाळी तिनं वडिलांना काही सांगितलं नाही. भाकरी थापताना मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. त्याला तिथंच पाठवायचं. त्याच बेटावर, त्याच होडीतून, त्याच जागी. मारायचं वगैरे तिच्या मनात नव्हतं. निदान ती स्वतःला तसं बजावत होती. फक्त त्यानं त्या पाण्यात खाली बघावं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळावं. एवढंच.

तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा ती भानावर आली.

३

तिच्या बेतात एकच खोट होती. सोनिया. त्या पोरीचा काय गुन्हा? म्हणून मंजिरीनं ठरवलं, काळ्या भिंतीचं नाव अगदी शेवटी आणि अलगद काढायचं, म्हणजे निवड तिची वाटेल. बुड्या मारायच्या तीन जागांचे फोटो तिनं कॉम्प्युटरवर लावून ठेवले. एक उथळ, वाळूची, नवशिक्यांची. दुसरी एका बुडालेल्या जहाजाजवळची. तिसरी भिंत.

सोनिया आली ती बसायच्या आधीच म्हणाली, "दीदी, फोटो राहू द्या. भिंतच करू या."

मंजिरीचा हात माऊसवर थांबला. "कोणती भिंत?"

"काळी भिंत. तुमच्या दुसऱ्या मॅडमनी सगळं समजावलं ना काल फोनवर. म्हणाल्या, बाकीच्या जागा बच्चा लोकांच्या आहेत. मासे बघायचे तर भिंतीच्या कडेवर जावं लागतं."

"दुसऱ्या मॅडम?"

"इथल्याच. त्यांनी नाव नाही सांगितलं." सोनिया आठवू लागली. "पहिले मला वाटलं तुम्हीच. आवाज डिट्टो तुमचा. पण त्यांना सर्दी झालेली. एक वाक्य बोलायच्या, मग थांबून श्वास घ्यायच्या. मी म्हटलं मॅडम आराम करा, तर हसल्या."

एसी घरघरत होता. ऑफिसात टेबल एक, खुर्ची एक, समोर गिऱ्हाइकांच्या दोन. दुसरं माणूस इथं कधीच नव्हतं.

"आणखी काय म्हणाल्या?"

"यांच्याबद्दल विचारलं. पोहता येतं का, घाबरतात का, वजन वाढलं का." सोनिया खुदकन हसली. "मी म्हटलं हो, लग्नानंतर वाढलंय. तर म्हणाल्या, चालेल, खाली वजन लागत नाही."

मंजिरीनं काहीतरी उत्तर दिलं. मालकांची भाची कधीकधी मदत करते, असं काहीसं. सोनियाला ते पटलं. ती गेल्यावर मंजिरीनं मालकांना फोन लावला. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. अंदमानची चौकशी आली आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मग तिला स्वतःचीच शंका आली. तीन वर्षं मनात विष साठवलेलं माणूस काय करेल सांगता येत नाही. आपणच फोन केला आणि विसरलो? तिनं आपला मोबाईल पाहिला, ऑफिसचा पाहिला. सोनियाला केलेला एकही कॉल त्यात नव्हता. मन थोडं निवलं आणि लगेच जास्त घाबरलं.

कारण तिचा आणि अनूचा आवाज सारखा होता. फोनवर तर खुद्द अनंतराव फसायचे.

४

दुसऱ्या दिवशी मंजिरी शहाण्यासारखी वागली. आजकाल आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं निघालीत, कोणीतरी खोडी काढून राहिलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. आणि खोडी असो की आणखी काही, त्या पोरीला भिंतीवर पाठवणं बरोबर नाही. सूड घ्यायचा तर ज्याचा त्याचा घ्यावा. तिनं वाळूच्या जागेचं सगळं जुळवलं आणि सोनियाला फोन लावला.

"सोनिया, मी मंजिरी. भिंतीचं राहू दे. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी—"

पलीकडून सोनिया गोंधळून म्हणाली, "दीदी? पण तुम्ही तर माझ्या दुसऱ्या फोनवर आहात."

"काय?"

"माझ्या ऑफिसच्या फोनवर. आत्ता बोलून राहिल्या ना तुम्ही?"

मंजिरी उभी राहिली. काचेच्या दाराबाहेर रस्ता नेहमीसारखाच वाहत होता. स्कूटर, शाळेची रिक्षा, पोहेवाल्याची गाडी. "स्पीकरवर टाक," ती म्हणाली. "दोन्ही फोन जवळ आण."

आधी फक्त श्वास ऐकू आला. नळीतून ओढलेला, लांब, कोरडा. मग तो सुटल्याचा आवाज. बुडबुडे वर जातात तसा, गडगड करत.

मग तिचाच आवाज म्हणाला, "मंजिरीच बोलून राहिली." श्वास. "त्याले आधी इथल्या पूलमधी ने." श्वास. "सवय होऊ दे."

"हे काय चाललंय?" सोनिया म्हणाली. "कोण आहे? मजाक आहे का?"

तो आवाज सोनियाशी बोललाच नाही. तो जवळ आला. एका फोनमधून दुसऱ्यात आणि तिथून थेट मंजिरीच्या कानात.

"ताई, तू मधात नको पडू."

आणि सोनियाच्या ऑफिसच्या फोनवरचा तो कॉल तुटला.

क्रॉस कनेक्शन असेल, नाहीतर कोणा पोरीनं खोडी काढली असेल, असं सोनिया म्हणाली. मंजिरीही हव, हव करत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं आधी काचेचं दार आतून लावून घेतलं.

पण ती भीती जेमतेम घटकाभर टिकली. त्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते ओळखायला तिला वेळ लागला, कारण तीन वर्षांत ते तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. आनंद. हा राग ती एकटीच उरात घेऊन फिरत नव्हती. जिचा खरा हक्क होता, तीही विसरली नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं शहराबाहेरच्या एका क्लबात सुशीलला फोन केला. सुशील पोहणं शिकवायचा. समुद्रावर जाणाऱ्या हौशी लोकांना आधी इथल्या खोल पूलमध्ये सिलिंडर लावून सराव द्यायचा. मंजिरीनं रविवारची दुपार ठरवून टाकली.

सोनियाला तिनं एवढंच सांगितलं, "मिस्टरांना काही बोलू नको. नुसतं पोहायला चल म्हण. आणि भिंतीचं आपण नंतर पाहू."

५

रविवारी पूलवर फारसं कोणी नव्हतं. नोव्हेंबरचं ऊन पाण्यावर पडून निळ्या फरशांवर हलत होतं. मंजिरी काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती.

सोनियापाठोपाठ अभिनव आत आला. टॉवेल खांद्यावर टाकलेला, चेहरा हसरा. मंजिरीला पाहताच तो हसू तसंच ठेवून थांबला.

"या मंजिरीदीदी," सोनिया म्हणाली. "यांनीच आपलं सगळं जुळवलंय. काय जुळवलंय ते नंतर सांगते."

मंजिरीनं ओळख दाखवली असती तर त्याचं पीलियाचं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. त्यानं दाखवली असती तरी तेच झालं असतं.

"नमस्ते," अभिनव म्हणाला.

"नमस्कार," मंजिरी म्हणाली. "पोहता येत नसलं तरी घाबरू नका. सुशीलभैया मागून धरून असतात. आणि तळ तर इथूनच दिसतो."

त्याचे कान लाल झाले. त्याला निघून जाता आलं असतं. पण बायको टाळ्या वाजवत होती, सुशील सिलिंडर घेऊन उभा होता, आणि समोर ती बाई शांत बसून त्याच्याकडे पाहत होती. त्यानं हनुवटी वर केली. "ह्यात घाबरायचं काय?" तो म्हणाला.

सोनिया आधी उतरली. मासोळीसारखी तळापर्यंत जाऊन आली आणि काठावर पाय सोडून बसली. मग सुशीलनं अभिनवला मास्क चढवला, तोंडात नळी दिली, खुणा समजावल्या. अंगठा वर म्हणजे वर जायचं. दोघं हळूहळू खाली गेले. सुशील त्याच्या पाठीवरचं सिलिंडर मागून धरून होता.

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मंजिरी पुढे वाकली. खाली दोन आकृत्या, वर बुडबुडे. सगळं ठीक चाललं होतं. अभिनव तळाशी गुडघ्यांवर टेकला. सुशीलनं खूण केली, त्यानंही उलट खूण केली.

मग अभिनवचा उजवा हात अंगापासून दूर झाला.

आधी वाटलं, तोल सावरतोय. पण हात सरळ बाजूला ताणला गेला, पूलच्या खोल कोपऱ्याकडे, आणि बोटं फाकली. फाकली आणि पुन्हा मिटली. पण पूर्ण मिटली नाहीत. बोटांमध्ये दुसरी बोटं गुंतवली की ती जशी राहतात, तशी राहिली.

त्यानं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. मंजिरीला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याच्या तोंडून बुडबुड्यांचा लोटच्या लोट वर आला. डाव्या हाताचा अंगठा वर गेला. पुन्हा वर. पुन्हा. सुशील त्याला वर ओढू लागला, आणि तो वर येईना. सुशील मजबूत गडी होता. दोन्ही हातांनी ओढत होता, पाय फरशीला टेकवून. अभिनवचं सारं अंग वर यायला धडपडत होतं. तो एक हात तेवढा खाली होता.

ओरडायला हवं होतं. मंजिरीला ते कळत होतं. कोणालाही हाक मारली असती तर पूलवरचा जीवरक्षक धावला असता. ती ओरडली नाही. हनुवटी तळहातावर टेकवून ती बघत होती, आणि तिच्या मनात अगदी स्पष्ट शब्द उमटले. सोडू नको.

सोनियानं उडी मारली तेव्हा कुठे खालची पकड सुटली. तिघं एकदम वर उसळले. अभिनवला काठावर उपडा घातला. तो खोकला, ओकला, आणि हात छातीशी धरून भुईवर सरपटत मागे मागे गेला.

"मी नाही सोडला... मी नाही—" तो धापा टाकत म्हणाला. "तिनं हात पकडला होता. इतका घट्ट. माझी नळी निघून जाईल असं वाटलं. मी बोटं सोडवली. सुटत नव्हती. मग मी लाथ मारली... पोटात. मले वर यायचं होतं ना! मी काय करू? ती खाली गेली. माझ्याकडे पाहत पाहत गेली..."

सोनिया त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. केसांतून पाणी गळत होतं. "कौन? कोणाला लाथ मारली?"

मंजिरी उठली आणि जवळ गेली.

"अनुश्रीले," ती म्हणाली. "ह्याच्या पहिल्या बायकोले. माझी बहीण होती ती. पीलिया नव्हता झाला तिले."

सोनियानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग ती उठली, टॉवेल उचलला आणि ओल्या कपड्यांनीच फाटकाकडे चालू लागली. मागे वळून तिनं पाहिलं नाही.

सुशील सिलिंडर आवरू लागला. "मॅडम, मी किती लोकांना ओढून वर काढलंय," तो म्हणाला. "एका माणसाचं वजन मला कळतं. ते एका माणसाचं नव्हतं."

६

सोनिया बिलासपूरला माहेरी गेली. जाण्यापूर्वी तिनं मंजिरीला फोन केला. रडली नाही. "दीदी, तुम्ही मला आधीच सांगायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाली.

अनंतरावांना तिनं सगळं सांगितलं, म्हणजे सांगण्यासारखं होतं तेवढं. अभिनव कबूल झाला, चारचौघांत कबूल झाला. म्हातारा ओट्यावर जाऊन बसला. मग म्हणाला, "मस्ती करून राहिली होती म्हणे. माझी पोट्टी." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं अनूचं नाव घेऊन मोठ्यानं रडून घेतलं. शेजारच्या बाया धावून आल्या. मंजिरीनं त्यांना हातानंच थांबवलं. रडू द्या म्हणाली.

त्यानंतर घर हलकं झालं. अनूचा फोटो भिंतीवर लागला. मंजिरीला गाढ झोप लागू लागली. ऑफिसात कोणाचे भलते फोन आले नाहीत. हिशेब मिटला, तिला वाटलं. ज्याचं त्याला मिळालं. बायको गेली, अब्रू गेली. शहराच्या कडेला भनपुरीत त्याचं गोदाम होतं, तिथली माणसंही आता त्याच्या तोंडावर कुजबुजतात, असं कानावर आलं. ऐकून तिला बरं वाटलं. त्याचा तिला संकोचही वाटला नाही.

डिसेंबर उजाडला. लग्नसराई आली, आणि नव्या जोडप्यांना दूरदूर पाठवण्यात मंजिरी गढून गेली.

७

अभिनव आला तेव्हा दुपार होती. त्यानं दार खांद्यानं ढकललं. इतका वाळला होता की मंजिरीनं त्याला आधी ओळखलंच नाही. आत येऊन त्यानं गिऱ्हाइकाची एक खुर्ची पायानं बाजूला सरकवली, वाट दिल्यासारखी. क्षणभर थांबला. मग शेजारच्या खुर्चीत स्वतः बसला. त्याचा उजवा हात दोन खुर्च्यांच्या मध्ये लोंबत होता.

"ताई, अंदमान करायचं आहे," तो म्हणाला.

मंजिरीनं दाराकडे बोट केलं. "काहून आला तू इथं? जा."

"उद्याचं विमान मिळेल? नाहीतर परवाचं." त्याचा आवाज विझलेला होता. राग नव्हता, विनवणी नव्हती. "आणि बुडीचं पण करून द्या."

"कुठं?" ती म्हणाली. सवयीनं तोंडून निघून गेलं. रोज विचारायचा तोच प्रश्न होता.

अभिनवनं मान उजवीकडे किंचित कलती केली. कोणी कुजबुजलं की माणूस करतो तशी.

"तिथंच म्हणते. भिंतीवर."

एसी घरघरत होता. मंजिरीला टेबलाच्या कडेवरून त्याचा तो हात दिसत होता. बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिकडेच गेली. मनगटापर्यंत हात कोरडा, काळसर, नेहमीचा. त्यापुढे मात्र तो पांढरा पडला होता, फार वेळ पाण्यात राहिलेल्या कातडीसारखा सुरकुतलेला. बोटं फाकलेली. आणि बोटांच्या बेचक्यांत मांस दबून खळगे पडले होते. तिच्या डोळ्यांदेखत त्यातला एक खळगा आणखी खोल झाला.

अभिनवनं ओठ चावला. आवाज काढला नाही.

सूड सूड म्हणून तीन वर्षं तिनं जे मनात पाळलं होतं, ते आता समोरच्या खुर्चीत येऊन बसलं होतं. त्याला चेहरा नव्हता. त्याच्यात तिच्या अनूचं, रस्त्याच्या आतल्या अंगानं चालणाऱ्या त्या भित्र्या पोरीचं, काय उरलं होतं हे तिला कळेना. ती त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाली,

"अनू, सोड त्याले. लय झालं. त्यानं कबूल केलं, बाबांनी आयकलं. माझं मन भरलं, बाई. आता सोड."

अभिनव ऐकत राहिला. मंजिरी काय म्हणाली ते नव्हे. दुसरं काहीतरी. त्याच्या डोळ्यांत हळूहळू पाणी जमलं आणि गालांवरून खाली आलं, पण चेहरा हलला नाही.

"नाही म्हणते, ताई."

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. मंजिरीनं कॉम्प्युटरकडे तोंड वळवलं, कारण दुसरीकडे कुठं पाहायची सोय नव्हती. बोटं आपली आपण चालू लागली. रायपूरहून कोलकाता, तिथून पुढे. नाही म्हणता आलं असतं. ऑफिस बंद करून घरी जाता आलं असतं. पण मग ती दोघं कुठं गेली असती? हा विचार मनात आला आणि तिचे हात जास्तच भराभर चालू लागले.

"जायचं झालं," ती शेवटी म्हणाली. "परतीचं कधीचं काढू?"

अभिनवनं पुन्हा मान कलती केली. या वेळी त्याला बराच वेळ लागला. जणू एखादी गोष्ट त्याला दोनदा समजावून सांगावी लागली.

"परतीचं काढा म्हणते," तो म्हणाला. "माझं नको."

मंजिरीनं त्याच्याकडे पाहिलं.

"तिचं काढा. म्हणते, घरी यायचं आहे."

तो उठला. उजवा हात आधी वर आला, मग त्याचं अंग. चालताना तो थोडा डावीकडे झुकला होता, दुसऱ्या बाजूला कोणी भार टाकल्यासारखा. दाराशी पोचल्यावर त्यानं डाव्या हातानं ते उघडलं आणि उघडंच धरून बाजूला उभा राहिला.

दार बराच वेळ उघडं होतं. बाहेरचं ऊन आत आलं, तालाबाचा वास आला. मग तो बाहेर पडला.

मंजिरी कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. पडद्यावर परतीच्या प्रवाशाच्या नावाची जागा रिकामी होती आणि तिच्यात उभी रेघ लुकलुकत होती. तिनं घरी फोन लावला. अनंतरावांनी उचलला. आज कधी नव्हे ते खुशीत होते.

"हव, बोल," ते म्हणाले. "आणि आयक, आता दुसऱ्यांदा नको विचारू. सांगतलं ना तुले मघाशी फोनवर, दार उघडंच ठेवतो म्हणून."